अ की ॲन?

कार्तिए मिलितेर
१६ मार्च १९७५

दादा,

तुझं पत्र मिळालं. आपल्या बेटावरच्या सिक्लोनची, त्या वादळाची बातमी तुला तिकडच्या रेडिओवर कळली आणि तू रात्रभर झोपला नाहीस, हे वाचून दाखवलं तेव्हा आई आधी रडली, मग म्हणाली, "बरं झालं, आठवण तरी आली." काळजी करू नकोस. घर उभं आहे. गोठ्याचे पत्रे उडाले ते हरिलालकाकांच्या उसात सापडले. केळी मात्र सगळी आडवी झाली. शाळेचं छप्पर एका बाजूनं उचकटलं होतं, तिथं आता ताडपत्री टाकून वर्ग भरतात. पाऊस आला की मुलं बाकं ओढून भिंतीकडे सरकतात. आणि आपल्या गावात पाऊस कधी येत नाही?

मराठीत लिही म्हणालास म्हणून मराठीत लिहिते आहे. तू लिहितोस की हॉस्पिटलात इंग्रजी, घरी मॉरीनवहिनीशी इंग्रजी, मराठी जिभेवरून पुसली जाईल अशी भीती वाटते. अरे, इथं तरी काय वेगळं! मी सकाळी आईशी मराठीत सुरू करते आणि चुलीपर्यंत पोचेतो क्रेओल झालेलं असतं. माझ्या चुका दिसल्या तर हस, पण लाल शाई लावू नकोस. ते काम घरात एकजण करतात, तेवढं पुरे.

ते एकजण, म्हणजे बाबा, ठीक आहेत. यंदा त्यांना पुन्हा सहावीचा वर्ग मिळाला. म्हणजे पुन्हा परीक्षेची मुलं, आणि पुन्हा तेच इंग्रजीतले अ आणि ॲन. तुला आठवतं ना, आपल्याला कसं शिकवायचे? "डोळे मिटा. पुस्तकातलं अक्षर विसरा. शब्द तोंडातून कसा निघतो ते ऐका." आपण दोघं परसात डोळे मिटून बसायचो, बाबा पेरूच्या झाडाखाली उभे राहून एकेक शब्द टाकायचे, आणि तू नेहमी माझ्याआधी ओरडायचास. क्रेओलमध्ये सगळ्याला एकच 'एन्न': एन्न पोम, एन्न लिव, एन्न लाकाझ. सफरचंद असो, पुस्तक असो, घर असो. मराठीत तर तेवढंही लागत नाही. अशा तोंडात इंग्रजांचा हा इवलासा शब्द बसवायचा म्हणजे काय कष्ट, ते मी आता बाबांच्या वह्या तपासायला मदत करते तेव्हा कळतं.

तुझी पत्रं मी त्यांना दाखवत नाही. पण ती येतात हे त्यांना माहीत आहे. पोस्टमनची सायकल थांबली की ते उठून मागच्या दारी जातात आणि मिरच्यांना पाणी घालत बसतात. बाहेर कुणी विचारलं तर एवढंच सांगतात, "मला एक मुलगा आहे, लंडनला असतो." मास्तरकी सोडून तू नर्सिंगला गेलास ते त्यांनी गिळलं होतं, दादा. पण तू न कळवता केलेल्या लग्नाचा फोटो बसंतीमावशीनं लाबुतिकमध्ये, तेल-तांदूळ घ्यायला आलेल्या चार माणसांसमोर त्यांच्या हातात दिला, ते नाही गिळलं गेलं.

हल्ली बाबा रेडिओ मोठा लावतात. बाकी सगळं ठीक.

तुझी
इंद्राणी


कार्तिए मिलितेर
२० जुलै १९७५

दादा,

तुझं पत्र एका ओळीचं. "रेडिओ किती मोठा?" नर्स झालास, तुझ्यापासून काय लपणार.

खूप मोठा. रस्त्यापलीकडे राधाकृष्णकाकांना आमच्या रेडिओवर बातम्या ऐकू येतात. बाबांना मात्र येत नाहीत. ते तोंडापुढे कान नेऊन बसतात आणि शेवटी बंद करून म्हणतात, "हल्लीचे लोक पुटपुटतात." मी मागून हाक मारली तर वळत नाहीत. आईनं पितळेचं घंगाळ पाडलं तरच वळतात.

आम्हाला वाटलं होतं, शाळेत कळणार नाही. पण गेल्या महिन्यात एका मुलानं वाचताना 'ॲन हाउस' म्हटलं. आणि बाबा म्हणाले, "शाबास."

हे मला मारी-क्लेरनं सांगितलं, लाबुतिकच्या चिनी दुकानदाराची मुलगी. ती बाबांच्या वर्गात आहे. मी साबण घ्यायला गेले तर ती काउंटरच्या मागून अगदी हळू म्हणाली, "इंद्राणी, मिस्येना तो 'न' ऐकू येत नाही." आधी वर्ग हसला म्हणे. मग कुणीतरी मुद्दाम 'अ एग' म्हटलं. बाबा पुन्हा म्हणाले, "शाबास." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

विचार कर. मोठे आवाज त्यांना अजून कळतात: बसचा हॉर्न, शाळेची घंटा, भांडण. पण ज्या एका बारीकशा आवाजावर त्यांनी सगळं आयुष्य मुलांचे कान घडवले, नेमका तोच आधी गेला.

रोझ हिलला कानाच्या डॉक्टरकडे मी घेऊन गेले. डॉक्टर म्हणाला, आतली नस निकामी होत चालली आहे, औषध नाही, हळूहळू उरलेलंही जाईल. हे तो मला सांगत होता. बाबा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. बाहेर आल्यावर मी काहीतरी गोड करून सांगायला लागले, तर म्हणाले, "राहू दे. त्याच्या ओठांवरून कळलं. 'नथिंग' म्हणताना माणसाची जीभ दातांत येते."

येताना बसमध्ये खिडकीबाहेरच बघत बसले. मला वाटलं, आता हे घरात बसणार. आई तर म्हणत होती, दुखणं सांगून रजा काढा, पेन्शनीपर्यंत कसंतरी ओढा.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात गेले आणि मुलांना म्हणाले, "मला तुमचं बोलणं नीट ऐकू येत नाही. तुम्ही हसलात ते मला दिसलं होतं. हसण्यासारखंच होतं ते. पण परीक्षा तुमची आहे, तेव्हा आता कसं शिकायचं ते आपण मिळून ठरवू." हेही मारी-क्लेरनंच सांगितलं. ती म्हणाली की वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलानं उठून आपलं बाक पुढे ओढलं, अगदी मिस्येच्या टेबलाला लावून. मग सगळ्यांनीच ओढली.

दादा, मी त्यांची मुलगी. मला त्यांनी अजून सांगितलेलं नाही की त्यांना ऐकू येत नाही. मुलांना सांगितलं.

इंद्राणी


कार्तिए मिलितेर
५ ऑक्टोबर १९७५

दादा,

आज लिहायला खूप आहे, आणि बरंचसं चांगलं आहे.

देवळाच्या हॉलात बाबांचा संध्याकाळचा मराठी वर्ग तुला माहीतच आहे. तू होतास तेव्हा भरलेला असायचा. हल्ली ओस पडत चालला होता. आईबाप म्हणतात, मराठी शिकून काय नोकरी मिळणार? त्यापेक्षा इंग्रजीची शिकवणी बरी. उरलेल्या मुलांना घेऊन बाबांनी गणपतीत एक छोटं नाटक बसवलं होतं, आणि कुणी काय आणायचं ते मी फळ्यावर लिहीत होते. मराठीतच, म्हणजे आपल्या अक्षरांत. 'अंब्रेला' लिहिलं, खाली 'युनिफॉर्म' लिहिलं. वळून बघते तर बाबा खडू हातात धरून फळ्याकडे बघत उभे.

"इंद्राणी, हे कशानं सुरू होतं?"

"अं नं."

"आणि हे?"

"यु नं."

"इंग्रजीत दोन्ही कशानं सुरू होतात?"

"दोन्ही यूनंच की."

ते हसायला लागले. दादा, तू गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. फळ्याजवळ गेले आणि 'अंब्रेला'च्या आधी मोठ्या अक्षरांत 'ॲन' लिहिलं, 'युनिफॉर्म'च्या आधी 'अ'. मग भराभर लिहीतच सुटले. अवर, ॲन. हाउस, अ. ऑनेस्ट, ॲन. युरोपियन, अ. वन, अ. एम.ए., ॲन. इंग्रजी स्पेलिंगात जे जे मुलांना फसवतं, ते आपल्या अक्षरांत आलं की सरळ होतं. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. आपल्या लिपीत अक्षर म्हणजेच आवाज ना! इंग्रजीसारखं लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, असं नाही.

"मी इतकी वर्षं कानानं शिकवत होतो," ते म्हणाले. "हे डोळ्यांना दिसतं."

दुसऱ्या दिवसापासून सहावीच्या वर्गात ते सुरू झालं. हिंदी आणि मराठी घेतलेल्या मुलांना अक्षरं येतच होती. बाकीच्यांना बाबांनी शिकवली, नुसते स्वर आणि मग व्यंजनं, जेवणाच्या सुटीत. मुलगा उठून वाचतो, शेजारचा पाटीवर तो शब्द आपल्या अक्षरांत लिहून वर धरतो. बाबा पाटी बघतात. चूक असेल तर चूक कुठे आहे तेही त्यांना कळतं. एकानं 'हावर' लिहिलं तर म्हणाले, "तुला 'ॲन' येत नाही असं नाही, तुला शब्दच म्हणता येत नाही. आधी शब्द म्हण." मारी-क्लेर तर एवढा सुंदर 'ऑ' काढते की आईला दाखवायला तिनं पाटी आपल्या घरी आणली होती. आईनं तिला तव्यावरचा गरम फराता खाऊ घातला.

आणि मग व्हायचं ते झालं. कुणाच्या तरी बापानं हेडमास्तर नंदलालांकडे तक्रार केली. पोरगा इंग्रजी शिकायला जातो आणि हा मास्तर फळ्यावर मराठी लिहितो, मराठी मंडळाचा प्रचार शाळेत करतो. नंदलालसर माणूस वाईट नाही, पण वरून इन्स्पेक्टर येईल या धाकात असतो. त्यानं पालकांना बोलावलं. मी पण गेले, मागच्या बाकावर बसले.

तो तक्रार करणारा उभा राहून बराच वेळ बोलला. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो थांबल्याचा अंदाज घेऊन ते उठले. मला वाटलं, पद्धत समजावून सांगतील. तसं केलं असतं तरी चाललं असतं, सगळ्यांना पटलं असतं. पण ते म्हणाले, "मो पा तांदे."

क्रेओलमध्ये म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून. मला ऐकू येत नाही.

"यांनी आता काय म्हटलं त्यातलं अर्धं मला ओठांवरून कळलं, अर्धं नाही. वर्षभर असंच आहे. मुलांना माहीत आहे, तुम्हाला माहीत नव्हतं. ती अक्षरं मी मराठीसाठी नाही लिहीत. माझ्यासाठी लिहितो. मुलं काय बोलली ते मला त्यात दिसतं. आणि आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाही दिसतं, तो फायदा वरचा. आता तुम्ही ठरवा."

नंदलालसर उठून बाबांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले आणि ओठ मोठे करून, सावकाश म्हणाले, "मास्तर, हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा," बाबा म्हणाले. "तुमचं कामच आहे ते. मी फक्त एक मागतो, ही मुलं परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहू द्या."

तेव्हा कुंतीताई उठली, भाजीवाली. तिचा मुलगा म्हणजे तोच बाक ओढणारा. ती नंदलालसरांना म्हणाली, "सर, माझा पोरगा पहिल्यांदाच घरी येऊन दप्तर उघडतो. यांना हलवलंत तर मी बाजार सोडून रोज इथं येऊन बसेन." लोक हसले. तक्रार करणाराही हसला.

परीक्षेपर्यंत वर्ग त्यांच्याकडेच राहणार आहे. पुढचं पुढे.

घरी येताना मी त्यांचा हात धरला. मला म्हणाले, "तुला आधी सांगायला हवं होतं." मी मान हलवली. तेवढंच बोलणं झालं, पण मला पुरलं.

तू हे वाचून मोठा श्वास घे आणि मॉरीनवहिनीलाही सांग.

इंद्राणी


कार्तिए मिलितेर
२२ फेब्रुवारी १९७६

दादा,

निकाल लागला. एक मुलगा सोडून सगळे पास झाले, आणि तो नापास झाला तो हिशेबात. मारी-क्लेरला क्युरपिपच्या कॉलेजात, म्हणजे मोठ्या शाळेत, जागा मिळाली. कुंतीताईचा मुलगा पास झाला तेव्हा तिनं आमच्या दारात कोबीची आख्खी टोपली ओतली. आई आठवडाभर कोबी करत होती.

आणि बाबांची नोकरी गेली. गेली म्हणजे मेडिकल बोर्डानं त्यांना निवृत्त केलं. निरोपाच्या दिवशी नंदलालसरांनी भाषण केलं, तेव्हा ते प्रेक्षकांकडे न बघता पूर्ण वेळ बाबांकडे तोंड करून बोलले. लोकांना त्यांची पाठ दिसत होती. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

पहिला सोमवार वाईट गेला. बाबा सवयीनं उठले, टाय बांधला, आणि मग ओसरीवर उभे राहिले. आईनं त्यांच्या हातात टोपली दिली आणि टाय बांधलेलाच माणूस ब्रेदची पालेभाजी खुडायला गेला.

पण ऐक. त्याच आठवड्यात बाबा देवळाच्या हॉलात मराठी वर्गाला गेले तर आत पाय ठेवायला जागा नाही. गावात बातमी पसरली होती की मराठी अक्षरं आली की इंग्रजीच्या परीक्षेत मार्क मिळतात! ज्या आईबापांनी मुलं काढून घेतली होती तीच त्यांना हाताला धरून घेऊन आली. तेलुगू, तमिळ, एक मुसलमान शिंप्याची मुलगी, शिवाय मारी-क्लेरचा धाकटा भाऊ. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "एवढ्या पाट्या कुठून आणायच्या?"

आता तुझ्या पार्सलाचं. कानाचं यंत्र मिळालं. मी ते टेबलावर ठेवलं.

"कुठून आलं?"

"लंडनहून."

"लंडनमध्ये पुष्कळ माणसं राहतात," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

दोन दिवस ते तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी घातलेलं दिसलं. तुला खरं सांगते, त्याचा फारसा उपयोग नाही. डॉक्टर म्हणालाच होता. भांड्यांचा खणखणाट होतो, कोंबडं ओरडलं की दचकतात, पण शब्द काही उलगडत नाही. मी विचारलं, "मग काढत का नाही?" तर म्हणाले, "लोकांना हे दिसलं की ते सावकाश बोलतात."

आईनं मात्र मला स्वैपाकघरात बोलावून सांगितलं, की रोज झोपताना ते यंत्र मऊ फडक्यानं पुसून ठेवतात.

बॅटऱ्या पाठव.

इंद्राणी


नुव्हेल फ्रांस
१० सप्टेंबर १९७८

दादा,

नवा पत्ता लिहून घे. लग्नाला तू येऊ शकला नाहीस म्हणून मी रुसले नाही, पण देवराज रुसला आहे. त्याला तुला त्याचं चहाचं शेत दाखवायचं होतं, त्याच्या लेखी त्याहून मोठी गोष्ट नाही. माणूस चांगला आहे. माझ्या बाबांशी बोलताना डोक्यावरची टोपी मागे सरकवतो, तोंडावर सावली पडू नये म्हणून. हे त्याला कुणी शिकवलं नाही.

दर शनिवारी मी बसनं माहेरी जाते आणि बाबांच्या वर्गात मदत करते. कालचं सांगायला हे पत्र.

बाबांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पण वर्ग चालू आहे, आणि दादा, मला वाटतं की ते पूर्वीपेक्षा चांगलं शिकवतात. पूर्वी ते शब्द टाकायचे आणि आपण झेलायचो. आता त्यांना एकेका मुलाच्या तोंडाकडे बघावंच लागतं. कुठल्या मुलाची जीभ कुठे अडते, कोण बोलण्याआधीच घाबरून ओठ मिटतो, ते सगळं त्यांना दिसतं. एवढं कुणी आपल्याकडे बघतं आहे म्हटल्यावर मुलंही फुलतात. मला चहाच्या कारखान्यात, बाजारात, कुठेही त्यांची जुनी मुलं भेटतात आणि पहिलं विचारतात, "मिस्ये कसे आहेत?"

काल यंदाच्या मुलांपैकी भगवतीनं पाटी वर केली. तिनं लिहिलं होतं, 'माझं नाव भ नं सुरू होतं. मग मी अ भगवती का नाही?'

सगळे हसले. बाबा नाही हसले. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला आणि म्हणाले, "बरोबर विचारलंस. नियमानं व्हायला पाहिजे होतं. पण नावाला अ नाही आणि ॲनही नाही. अ म्हणजे कुठलाही एक. पुष्कळांतला एक, कुठला ते सांगायची गरज नाही. नाव घेतलं की तो कुठलाही राहत नाही."

"उदाहरण?" भगवतीनं लिहिलं. ती अशीच आहे.

बाबांनी खडू घेतला. इंग्रजीत एक ओळ लिहिली: आय हॅव अ सन, मला एक मुलगा आहे. त्यातल्या 'अ'खाली रेघ मारली. आमच्याकडे पाठ करून खडू बोटांत फिरवत राहिले. मुलं गप्प होती, खरं तर गप्प राहायची गरज नव्हती, त्यांना कुठे ऐकू येणार होतं. मग त्यांनी खाली दुसरी ओळ लिहिली: त्याचं नाव यशपाल.

ही ओळ इंग्रजीत सुरू केली होती, पण तुझं नाव आपल्या अक्षरांत लिहिलं.

"अ यशपाल नाही," ते मुलांना म्हणाले. "नुसतं यशपाल."

तोंडानं म्हणाले, दादा. लग्नाच्या फोटोनंतर पहिल्यांदा. मी खिडकीकडे जाऊन उभी राहिले.

वर्ग सुटल्यावर फळा पुसायला मी फडकं उचललं, तर त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं. चालता चालता म्हणाले, "त्याला मुलगा झालाय ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू आणि तुझी आई स्वैपाकघरात बोलता तेव्हा माझ्याकडे तोंड करून बोलता. मला ऐकू येत नाही असं तुम्हाला वाटतं. दिसतं की!"

मी आणि आई तीन वर्षं कुजबुजत होतो!

"नाव काय ठेवलं?"

मला माहीत आहे, आईला माहीत आहे. तरी मी सांगितलं नाही. म्हटलं, "तुम्हीच विचारा त्याला." थोडं चालले आणि म्हणाले, "लिही त्याला, की मी विचारलं."

म्हणून लिहिते आहे. बाबांनी विचारलं आहे. मला उत्तर नको, त्यांच्या नावानं पाठव.

इंद्राणी


नुव्हेल फ्रांस
२७ मे १९७९

दादा,

हे पत्र आई-बाबांच्या आधी पोचायला हवं, म्हणून देवराज स्वतः क्युरपिपच्या पोस्टात टाकणार आहे.

तिकिटं मिळाली, पासपोर्ट झाले. बाबांनी सगळ्या गावाला सांगितलं आहे की ते नातवाला भेटायला चालले आहेत, आणि सांगताना नातवाचं नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. तुझं ते चार पानी पत्र त्यांनी मला वाचू दिलं नाही. आईला वाचून दाखवलं, परसात, तेही एवढ्या मोठ्यानं की राधाकृष्णकाकांना सगळं माहीत आहे. त्यांच्याकडूनच मला कळलं की तू काय लिहिलंस. मी त्यावर काही बोलत नाही. तुझं आणि त्यांचं आहे ते.

त्यांनी माफी मागितली का तुझी, किंवा तू त्यांची, हे मला विचारायचं नाही. मी एवढंच पाहिलं, की त्या संध्याकाळी बाबांनी अंगणात खुर्ची टाकली आणि आईला म्हणाले, "हिवाळा असेल का गं तिकडे?" आई म्हणाली, "मला काय ठाऊक, विचारा ना तुमच्या मुलाला." आणि ते खरंच आत जाऊन पत्र लिहायला बसले.

दोघं येत आहेत. एकाला ऐकू येत नाही, दुसरीला इंग्रजी येत नाही. विमानात आईनं ऐकायचं आणि बाबांनी वाचायचं, असं ठरलं आहे. आईला मी बजावलं आहे की हवाईसुंदरीनं काही विचारलं तर आधी बाबांना कोपर मार. तिनं चार बाटल्या लोणचं बांधलं आहे, कस्टममध्ये अडवलं तर तू बघ. वर्ग दोन महिने मी आणि भगवती चालवणार आहोत. भगवती म्हणते, तिला सगळं येतं. येतंही.

आता विमानतळाचं नीट ऐक.

बाबा गर्दीत गोंधळतात, कारण त्यांना सगळ्यांचे ओठ हलताना दिसतात आणि कुणाकडे बघावं कळत नाही. म्हणून बाजूला कुठेतरी थांब. हाका मारू नकोस, व्यर्थ आहे. हात वर कर. मॉरीनवहिनीला सांग, सावकाश बोल पण ओरडू नको, ओरडलं की तोंड वाकडं होतं आणि शब्द हरवतो. तिचं इंग्रजी त्यांना कळेल. पोराचं कळेल की नाही याची त्यांना फार धास्ती आहे. लहान मुलं बोलताना तोंड फिरवतात ना. त्याला उचलून समोर धर.

त्यांचे केस पिकले आहेत, दचकू नकोस. यंत्र कानात असेल. त्यातून ऐकू येतं असं समजून बोलू नकोस, आणि येत नाही हे मला माहीत आहे असंही दाखवू नकोस.

ते आधी काही बोलणार नाहीत. तुझ्याकडे बघत राहतील. तेव्हा तू बोल, जे काय बोलायचं असेल ते, मराठीत बोल. समोर उभा राहा, उजेड तुझ्या तोंडावर पडेल असा. आणि दादा, रडू आलं तर रड, पण तोंडावर हात घेऊ नकोस. त्यांना तुझे ओठ दिसले पाहिजेत.

तुझी
इंद्राणी